‘दादाला सांगू नकोस, वहिनी’

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील बदलून): पत्रलेखिका ३३ वर्षांच्या आहेत. त्यांची २४ वर्षांची नणंद नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात दोन मैत्रिणींबरोबर राहते. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या ऑफिसातल्या टीमची दोन दिवसांची सहल होती. रात्री जेवणं आटोपल्यावर एक वरिष्ठ सहकारी चार्जर मागायच्या निमित्ताने तिच्या खोलीत आला आणि त्याने तिच्यावर बलात्कार केला. तिला ना ओरडता आलं, ना हलता. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांबरोबर नाश्ता केला आणि त्याच बसने परत आली. संध्याकाळी त्याचा ‘ठीक आहेस ना?’ असा मेसेज आला, त्याला तिने ‘हो’ एवढंच उत्तर पाठवलं. चार दिवसांपूर्वी घरी आली असताना तिने हे फक्त वहिनीला सांगितलं आणि ‘दादाला सांगू नकोस’ अशी शपथ घातली. ऐकता ऐकता वहिनीच्या तोंडून निघून गेलं, ‘मग ओरडली का नाहीस?’ त्यावर ती गप्प झाली आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. घरात तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू आहे. पत्रलेखिका विचारतात: नवऱ्यापासून हे लपवू का? तीन आठवडे उलटलेत, पुरावा नाही, मग तक्रार करून उपयोग काय? तिला नोकरी सोडून घरी बोलवून घेऊ का? आणि माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, त्याला काय शिकवू?

ताई, तुमच्या पत्रात प्रश्न चार आहेत, पण तुम्हाला झोपू देत नाही तो पाचवा, तुम्हीच तिला विचारलेला. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

धोका आला की माणूस ओरडतो किंवा पळतो, असं आपण धरून चालतो. काही जण तसं करतातही. पण तीव्र भीतीत शरीर थिजणं हीसुद्धा तितकीच नैसर्गिक प्रतिक्रिया आहे. हातपाय जड होतात, घसा बंद होतो, डोकं जागं असतं पण शरीर ऐकत नाही. हे कोणी ठरवून करत नाही, त्यामुळे ठरवून मोडताही येत नाही. समोरचा ओळखीचा आणि त्यातून वरिष्ठ असेल, तर हे खरंच घडतंय का हेच काही क्षण मनाला पटत नाही. दुसऱ्या दिवशीचा नाश्ता, बसमधला प्रवास आणि ते ‘हो’ हे सगळं याच्याच पुढचं आहे. परक्या ठिकाणी, त्याच माणसाबरोबर परतायचं असताना सगळं नेहमीसारखं असल्याचं दाखवणं हा निभावून नेण्याचा मार्ग असतो. त्या ‘हो’चा अर्थ संमती असा तुम्ही लावू नका. ती स्वतः मनात तसा लावत असण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून हे तिलाही कधीतरी तुमच्याकडून ऐकायला मिळायला हवं.

कायदाही आज हेच म्हणतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार संमती म्हणजे शब्दांतून, हावभावांतून किंवा अन्य रीतीने स्पष्टपणे दाखवलेली, स्वेच्छेची तयारी. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येत नाही, हेही तिथे वेगळं नमूद केलं आहे. हे वाक्य सहजी आलेलं नाही. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलिस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, असा निष्कर्ष काढून सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडून दिलं. त्यावर देशभर उठलेल्या संतापातून १९८३ मध्ये कायदा बदलला आणि संमतीची आजची व्याख्या २०१३ मध्ये आली. तुमच्या तोंडून निघालेला प्रश्न एके काळी देशातल्या सगळ्यांत मोठ्या कोर्टालाही पडला होता, तेव्हा स्वतःला फार कोसत बसू नका. तो दुरुस्त करा.

दुरुस्ती छोटी असावी. आधी मेसेज करून विचारा, ‘बोलायला मोकळी आहेस का?’ कारण खोलीत मैत्रिणी असतील. मग एवढंच सांगा: ‘त्या दिवशी मी ओरडली का नाहीस असं विचारलं, ते चुकलं. त्याचं उत्तर तू मला द्यायची गरज नाही. तू सांगितलंस ते मला पटलंय, आणि यात तुझी काहीही चूक नाही.’ इथे थांबा. रडून वारंवार माफी मागितली तर तुम्हाला सावरायचं काम तिच्या अंगावर पडतं. घटनेचा तपशील विचारू नका. ती सांगेल तेवढं ऐका. ‘आत्ता तुला कशाची मदत हवी?’ हा प्रश्न चालतो. उत्तर ‘काही नको’ असं आलं तर ‘बरं, रविवारी पुन्हा फोन करते’ म्हणा, आणि रविवारी खरंच करा. ठरलेल्या वेळी आलेला एक फोन दिवसातून पाच वेळा केलेल्या चौकशीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आता घड्याळाचं बोलू, कारण ‘आता उशीर झाला’ हे तुमचं म्हणणं अर्धंच खरं आहे. काही दारं बंद झाली आहेत, काही उघडी आहेत आणि दोन-तीन येत्या काही दिवसांत बंद होतील.

सगळ्यांत आधी गरोदरपणाची चाचणी. घटनेला तीन आठवडे झाले असतील तर घरगुती किटचा निकाल भरवशाचा असतो. सकाळच्या पहिल्या लघवीवर करायची. निकाल ‘नाही’ आला पण पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करायची. ‘हो’ आला तर घाबरून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घेऊ देऊ नका. गर्भ गर्भाशयातच आहे ना, हे आधी तपासावं लागतं. तो नळीत असेल तर गोळ्यांनी गर्भ पडत नाही आणि पोटात रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकतं. वैद्यकीय गर्भपात कायद्याप्रमाणे २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बलात्कारातून राहिलेल्या गर्भासाठी २० ते २४ आठवड्यांदरम्यानही, दोन डॉक्टरांच्या मताने, गर्भपात करता येतो. १८ वर्षांवरील स्त्रीसाठी फक्त तिचीच संमती लागते. आई-वडील, भाऊ, नवरा कोणाचीही नाही. आणि एक गोष्ट फार जण विसरतात. पुढे तक्रार करण्याचा विचार मनात असेल तर गर्भपाताआधीच डॉक्टरांना तसं सांगायला हवं. गर्भाचे नमुने डीएनए तपासणीसाठी रीतसर जपून ठेवता येतात, आणि ते एकदा टाकून दिले की गेले.

दुसरं, रक्ततपासण्या. एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ ब (हिपॅटायटिस बी). एचआयव्हीची चाचणी आत्ता एकदा, मग घटनेपासून सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी. काही डॉक्टर सहा महिन्यांनीही करायला सांगतात. सरकारी रुग्णालयांतल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत ती मोफत होते आणि निकाल गोपनीय राहतो. अंगावरून वेगळं जाणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला जळजळ असेल तर ते स्त्रीरोगतज्ज्ञाला आवर्जून सांगायला हवं. कावीळ ब ची लस घेतलेली नसेल तर ती सुरू करता येते.

तिसरं, पुरावा. तुम्ही ‘पुरावा नाही’ म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर अंगावरच्या खुणा आहेत. त्या गेल्या, खरं आहे. पण चॅट आहे, कॉलची नोंद आहे, खोल्यांच्या वाटपाची यादी असलेला ऑफिसचा ईमेल आहे, मुक्कामाच्या ठिकाणचं रजिस्टर आहे, परतल्यावर ती कशी होती हे पाहिलेल्या दोन मैत्रिणी आहेत. आणि तुम्ही आहात. तिने पहिल्यांदा कोणाला, कधी, कोणत्या शब्दांत सांगितलं याला खटल्यात वजन असतं. त्यामुळे ती काय बोलली ते, तारीख-वेळ घालून, तुमच्या वहीत जसंच्या तसं लिहून ठेवा. तिच्या जबाबाला आकार द्यायचा प्रयत्न मात्र करू नका. ‘असं सांग, तसं सांगू नकोस’ इथूनच उलटतपासणीत केस सैल होते.

फोन फॉरमॅट करायचा नाही, विकायचा किंवा बदलायचा नाही. चॅट पुसायचं नाही, ते बघवत नसेल तर संग्रहात (‘अर्काइव्ह’मध्ये) टाकून नजरेआड करता येतं. त्याला ब्लॉक करायला हरकत नाही, जुनं संभाषण त्याने जात नाही. आपोआप नाहीसे होणारे मेसेज चालू असतील तर मात्र आधी नक्कल काढून घ्यायची. स्क्रीनशॉट पूर्ण पानाचे घ्यायचे, नंबर आणि तारीख दिसेल असे, कापलेले नकोत. शिवाय व्हॉट्सॲपमधून ते अख्खं चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवायचं. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं. त्या रात्रीचे कपडे न धुतलेले असतील तर कोरडे करून, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. धुतलेले असले तरी टाकू नका.

घाई आहे ती सीसीटीव्हीची. जागा भरली की जुन्या चित्रणावर नवं बसतं, आणि बहुतेक ठिकाणी हे काही आठवड्यांतच होतं. खोलीबाहेरच्या मार्गिकेत तो किती वाजता आला-गेला हे त्यात असू शकतं. हे चित्रण मागण्याचा खात्रीचा मार्ग पोलिसांचा आहे. पण तिने अजून काही ठरवलं नसेल तरी वकिलामार्फत ‘अमुक तारखेचं चित्रण पुसू नये’ असं पत्र मुक्कामाच्या ठिकाणी पाठवता येतं, आणि त्यात कारण किंवा नाव लिहायची गरज नसते. वकील परवडणार नाही ही चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं किंवा १५१०० वर फोन करायचा.

हे सगळं एका फोनवर तिच्यावर ओतू नका. पहिल्या फोनला तुमची माफी आणि गरोदरपणाची चाचणी, दुसऱ्याला फोन आणि सीसीटीव्ही. त्यात ती जितकं करील तितकं.

हे वाचणाऱ्या ज्यांच्यासाठी घटना कालची किंवा परवाची आहे, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. आधी रुग्णालय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तातडीने आणि मोफत उपचार द्यायचे आहेत. नाकारणं हा गुन्हा आहे. गर्भनिरोधक तातडीची गोळी (लेव्होनॉरजेस्ट्रेल, १.५ मिलिग्रॅम, एकदाच) जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांत घ्यावी, १२० तासांपर्यंत थोडाफार उपयोग होतो. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात, त्यानंतर सुरू करून फायदा नाही. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात. त्याआधी अंघोळ न करणं, कपडे न बदलणं चांगलं, पण केलं असेल तरी जायचंच. पेयातून काही दिल्याचा संशय असेल तर पहिली लघवी महत्त्वाची, कारण अशी द्रव्यं शरीरातून झपाट्याने निघून जातात.

रुग्णालयाबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. बलात्कार झाल्याचं सांगितलं की रुग्णालयाला पोलिसांना कळवावंच लागतं. याच भीतीने पुष्कळ जणी डॉक्टरकडेच जात नाहीत. पण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सज्ञान व्यक्ती पोलिस तक्रारीला नकार देऊ शकते. डॉक्टर तो नकार लेखी नोंदवतात आणि उपचार तरीही पूर्ण करतात. तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला वेगळी संमती घ्यायची असते. नमुने द्यायचे पण एखादी तपासणी नको, असंही म्हणता येतं. आणि तथाकथित ‘दोन बोटांची चाचणी’ (योनीत बोटं घालून स्त्रीला शरीरसंबंधांची सवय आहे का हे ठरवण्याची अशास्त्रीय पद्धत) कोणी करू पाहिली तर सरळ नाही म्हणायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती स्त्रीच्या सन्मानाचा भंग ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणारा गैरवर्तनाचा दोषी असेल असं बजावलं. पीडित १८ वर्षांखालची असेल तर मात्र नियम वेगळा आहे. पोक्सो कायद्याच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून लहान मुलाला ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊच नये. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर किंवा ११२ वर मदत मिळते.

आता तुमच्या नवऱ्याचं. माझं मत स्पष्ट आहे: तिच्या परवानगीशिवाय सांगू नका. जे झालं त्यात तिच्या शरीराबद्दलचा निर्णय दुसऱ्या कोणीतरी घेतला होता. आता तिच्या बातमीबद्दलचा निर्णयही तिच्या पाठीमागे झाला, तर तुम्ही हे भल्यासाठी केलंत हा फरक तिला कळेल, पण विश्वास परत येणार नाही. तुम्ही लिहिलंय की नवरा तापट आहे, ‘जाऊन त्याला फोडून काढेल’. तसं झालं तर समोरचा मारहाणीची तक्रार देईल, तिचं नाव ऑफिसभर होईल आणि ‘भावाने मारलं, मग बहिणीने खोटा आरोप केला’ असा बचाव त्याला आयता मिळेल. नवऱ्याशी खोटं बोलायला मी सांगत नाही. ‘तिने मला विश्वासाने काही सांगितलंय, ती म्हणेल तेव्हा तुम्हालाही कळेल, तोवर विचारू नका’ हे खरंही आहे आणि पुरेसंही. दुसरीकडे तिलाही विचारून ठेवा, की आणखी कोणाला कळलेलं चालेल, किती आणि कोणी सांगायचं. कधी कधी ‘दादाला सांगू नकोस’ याचा अर्थ ‘मला सांगायला लावू नकोस’ एवढाच असतो. तो कोणता अर्थ आहे हे फक्त तीच सांगू शकते. आणि शपथेला एक अपवाद आहे, तो तिला आधीच सांगून टाका: तिच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर तुम्ही गप्प बसणार नाही.

तक्रारीबद्दल बोलताना तुमच्या पत्रात दोनच टोकं आहेत, पोलिस किंवा मौन. मधे बरंच काही आहे.

सहल ऑफिसची होती आणि तो सहकारी आहे, त्यामुळे २०१३ चा पॉश कायदा, म्हणजे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, इथे लागू होतो. कामाच्या निमित्ताने गेलेलं ठिकाण आणि प्रवास हे दोन्ही ‘कामाचं ठिकाण’च आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. नसेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात, पण त्या भरवशावर राहू नये. म्हणजे तिच्या हातात आज साधारण दहा आठवडे आहेत. तक्रार लेखी, सहा प्रतींत, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. लेखी विनंती केली तर चौकशीदरम्यान त्याची किंवा तिची बदली, किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, अशी शिफारस समिती करू शकते. ‘आपसात मिटवा’ असा सूर लागला तर लक्षात ठेवा, समेट फक्त तिने मागितला तरच होतो आणि पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही. बलात्काराच्या प्रकरणात तो मागूच नये असं माझं म्हणणं आहे. समिती फौजदारी शिक्षा देऊ शकत नाही. नोकरीवरून काढण्यापर्यंत कारवाई सुचवू शकते. पोलिस तक्रार करायची तर त्यात मदत करणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि दोन्ही एकाच वेळी चालू शकतं.

एकट्याने हे पेलत नसेल तर ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आहे. वैद्यकीय मदत, समुपदेशन, वकील आणि गरज पडल्यास काही दिवसांचा निवारा एका जागी मिळतो; १८१ वर फोन केला की जवळचं केंद्र सांगतात. तिथे गेलं म्हणजे एफआयआर झालाच असं होत नाही.

पोलिसांत जायचं ठरलंच तर बलात्काराच्या तक्रारीला कालमर्यादा नाही. उशीर का झाला हे फिर्यादीत सरळ एका-दोन वाक्यांत लिहावं: भीती, नोकरी, घरचे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या गुरमित सिंग निकालात म्हटलं आहे की अशा गुन्ह्यात उशीर समजण्यासारखा असतो, आणि पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तिला दुजोऱ्याची अट नाही. घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी ती राहते तिथल्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, तो तिच्या घरीही घेता येतो. वाचून झाल्याशिवाय सही नाही, आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंदवायला नकार दिला तर पोलिस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवायचं, त्यापुढे दंडाधिकाऱ्यांकडे. फोन तपासासाठी जप्त होऊ शकतो, म्हणून आधी नक्कल आणि देताना पोच. पुढे दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब होतो, आणि खटला बंद दाराआड चालतो. तिचं नाव किंवा ओळख छापणं, पसरवणं हा दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि तो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही लागू आहे. घटना महाराष्ट्रातली असेल तर गुन्हा नोंदल्यावर मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

याची दुसरी बाजूही तिला आधीच कळायला हवी. गुन्हा एकदा नोंदला की ‘मागे घेते’ म्हणून तो मिटत नाही. खटला सरकार चालवतं आणि तो वर्षानुवर्षं लांबू शकतो. हे सगळं माहीत असून तिने तक्रार केली तर तिच्या पाठीशी उभ्या राहा. नाही केली तरी राहा. ‘तू गप्प बसलीस तर तो दुसरीला त्रास देईल’ हे वाक्य कृपा करून वापरू नका. त्याच्या पुढच्या गुन्ह्याची जबाबदारीही तिच्याच डोक्यावर टाकण्याचा तो प्रकार आहे.

नोकरी सोडून घरी बोलावणं मला घाईचं वाटतं. पगार, मैत्रिणी, स्वतःची खोली हे आत्ता तिचे आधार आहेत. आणि घरी आल्यावर रोज ‘का सोडलीस?’ला उत्तर द्यावं लागेल. राजीनाम्यानंतरही समितीकडे तक्रार करता येते, पण बदली आणि रजेची सोय हातची जाते. त्यापेक्षा आधी आजारपणाची रजा, घरून काम, दुसऱ्या टीममध्ये बदली हे पर्याय तिला विचारा. तो रोज समोर येत असेल आणि तिला ते सहनच होत नसेल, तर मात्र मुदती आणि हिशेब बाजूला ठेवून ती म्हणेल ते. स्थळांचं तेवढं थांबवणं घरात तुम्हाला जमण्यासारखं आहे. ‘कामाचा फार ताण आहे, सहा महिने नको’ एवढं सासूबाईंना पुरेल. पुढे कधी होणाऱ्या नवऱ्याला सांगायचं की नाही, हेही तिचं तीच ठरवेल. न सांगणं म्हणजे फसवणूक, असं तिला कोणी ऐकवू नये, तुम्हीही नाही.

पहिल्या महिन्यात झोप उडणं, दचकणं, वास किंवा आवाजाने ते सगळं पुन्हा समोर येणं, काही न वाटणं, चिडचिड, हे अपेक्षित आहे. महिना उलटूनही ते ओसरत नसेल, किंवा खाणं, काम, बाहेर पडणं बंद होत असेल, तर आघातावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे, आणि त्यावर चांगले उपचार आहेत. ‘जगू नये असं मनात येतं का?’ हे तिला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाली तर तिला एकटं राहू देऊ नका, १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा आणि मैत्रिणीपैकी एकीला ‘आज रात्री तिच्याबरोबर थांब’ एवढं तरी सांगा. हाच नंबर तुम्ही स्वतःसाठीही फिरवा. तिचं नाव न घेता तुमच्या मनावरचं ओझं तिथे बोलता येतं.

अशा सहली आखणाऱ्यांसाठी थोडं, कारण ही घटना काही आकाशातून पडलेली नाही. एकटीला वेगळ्या मजल्यावर खोली, रात्री कोणाला फोन करायचा हे कोणालाच माहीत नाही, समितीतल्या लोकांची नावं फक्त भिंतीवर. हे बदलायला फार काही लागत नाही. निघायच्या आधी खोल्यांची यादी दाखवून मुलींना बदल सुचवू द्यावा, समितीतल्या एका सदस्याचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा, ‘ऑफिसबाहेर असलो तरी नियम तेच’ हे वरिष्ठांनी सगळ्यांसमोर बोलून दाखवावं. आणि सोबतच्यांपैकी कोणी त्याला रात्री तिच्या दाराशी पाहिलं, तर भांडायचीही गरज नसते. ‘काय रे, कुठे चाललास? चल, खाली सगळे बोलावतायत’ एवढ्याने पुष्कळदा डाव मोडतो. त्यानंतर तिला एकटीला गाठून ‘ठीक आहेस ना?’ विचारायचं.

मुलाचं शेवटी, कारण त्याला वेळ आहे, आणि तरी आजपासून सुरुवात करता येते. तेराव्या वर्षी एक मोठं भाषण ऐकून मुलं काही शिकत नाहीत. रोजच्या गोष्टींतून शिकतात. बहिणीच्या किंवा मित्राच्या अंगाशी मस्ती करताना ‘पुरे’ ऐकलं की हात मागे, तिथल्या तिथे. गप्प बसणं म्हणजे ‘हो’ नव्हे, लाजत ‘नको’ म्हणणंही ‘नको’च, आणि आधी ‘हो’ म्हटलेलं कधीही बदलता येतं. मुलीचा खासगी फोटो किंवा व्हिडिओ मित्राने पाठवला तर तो पुढे ढकलणं हाही गुन्हा आहे, ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हा बचाव चालत नाही. ग्रुपवर कोणा मुलीबद्दल घाण बोलणं सुरू झालं की त्यातून बाहेर पडणं किंवा ‘ए, बस’ म्हणणं त्याला अवघड जाईल. घरी तो प्रसंग बोलून पाहिला तर तोंडातून शब्द निघायला सोपं होतं. त्याला हेही सांगा की असा त्रास मुलांनाही होतो, पोक्सो कायदा मुलगा-मुलगी दोघांसाठी आहे, आणि त्याला कोणी त्रास दिला तर तो तुमच्याकडे येऊ शकतो. त्याने येऊन काही सांगितलंच, तर आधी ऐका. ‘तू तेव्हाच का नाही सांगितलंस?’ हे विचारू नका. आत्याचं उदाहरण मात्र या बोलण्यात कुठेही, नाव न घेताही, आणू नका. मुलं दोन अधिक दोन फार लवकर करतात.